उसनी ऊब

ते पत्र आले तेव्हा माझी पाच महिन्यांची कन्या माझ्या मांडीवर होती, आणि पत्रातील मला ओळखता आलेले शब्द केवळ चार होते: बालक, निवास, तपासणी आणि गुरुवार. उर्वरित मजकूर लांबलचक वाक्यांचा असून इकडच्या भाषेत होता. ही भाषा मी दोन वर्षांत लाँड्रीतील सहकाऱ्यांकडून कानाने शिकलो होतो, डोळ्यांनी नव्हे. तथापि ते चार शब्द पुरेसे होते. माझ्या तळहातास घाम सुटला. त्या दिवशी खोलीत आमच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि तरीही घाम सुटला.

येथे आमच्या निवासाचे यथातथ्य वर्णन करणे अगत्याचे आहे. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, खोलीतच ओटा, आणि जिन्यावर तीन कुटुंबांत मिळून एक न्हाणीघर. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या असून त्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता. पलंगामागील भिंत हिवाळाभर ओलसर राही, म्हणून पलंग वीतभर पुढे ओढून ठेवला होता. दिव्याची वीज भाड्यात धरलेली होती, उबेची नव्हती. हीटर ज्या प्लगवर चाले त्यास दाराशेजारी एक वेगळा मीटर होता. कोपऱ्यावरील दुकानातून पैसे भरून आणलेले कार्ड त्यात घातले म्हणजे हीटर पेटे, आणि पैसे संपले म्हणजे विझे.

आरंभी आम्ही प्रत्येक वस्तूचा भाव गावच्या पैशांत करून पाहत असू. पत्नी दुकानात कोबीचा गड्डा हातात घेई, ओठ हलवीत गुणाकार करी आणि गड्डा परत ठेवून देई. असे केल्याने उपाशी राहावे लागेल हे लवकरच ध्यानी आले. पुढे आम्ही सर्व भाव तासांत करू लागलो. मला महिन्याला दोनशे तासांची मजुरी मिळे. पैकी एकशे दहा तास खोलीचे. दुधाच्या भुकटीचा एक डबा अडीच तासांचा आणि तो पाच दिवस पुरे, म्हणजे महिन्याचे पंधरा. जेवण व गॅसचे सिलिंडर मिळून तीस, बसचा पास बारा, गावी आईवडिलांना पंधरा. शिल्लक राहिलेल्या अठरा तासांत संपूर्ण महिन्याची ऊब विकत घ्यावयाची होती. एका तासाच्या मजुरीत हीटर दोन तास चाले. तात्पर्य, दिवसाला सत्तर मिनिटे: चाळीस कन्येच्या स्नानाच्या वेळी, तीस सायंकाळी. गावी माझ्या पगाराचा गुणाकार सर्वांनाच येत असे. भाड्याचा गुणाकार मात्र कोणी करून पाहत नसे, आणि आम्हीही सांगत नसू.

असो. पत्र घेऊन मी वरच्या मजल्यावरील ड्रायव्हरदादांकडे गेलो. हे आपल्याच भाषेचे गृहस्थ एकोणीस वर्षे त्या शहरात बस चालवीत होते, आणि आम्हां नवख्यांना त्यांचाच आधार होता. ते स्वतःच पत्र घेऊन खाली आमच्या खोलीत आले. त्यांचा चष्मा बसमध्ये राहिला होता. कागद हातभर लांब धरून ते वाचू लागले.

"काय लाँड्रीशेठ, सरकारनं आमंत्रण धाडलंय की."

"दादा, चेष्टा नको. नीट वाचा."

"नीटच वाचतोय. तपासणी. बाळ राहतं ती जागा बघणार. गुरुवारी दहा वाजता."

"पण कशासाठी, ते लिहिलंय का?" पत्नीने विचारले. "एवढं मोठं पत्र आहे, भाऊजी. नुसती तपासणी म्हणायला एवढं लिहितात का? माझा शुक्रवारी वर्ग असतो, तिथं विचारते."

"वहिनी, गुरुवार शुक्रवारच्या आधी येतो. तुमच्या वर्गासाठी सरकार काय थांबणार आहे?"

वाचनालयात शुक्रवारी परदेशी स्त्रियांसाठी भाषेचा विनामूल्य वर्ग भरत असे. पत्नी कन्येला घेऊन तेथे उबेसाठी जाई. अक्षरे तिला वरकड मिळत.

दादांनी पत्राची घडी केली आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी घाबरवत नाही. पण तळमजल्यावर एक वेल्डर राहायचा. तुम्ही यायच्या आधी. त्यालाही असंच पत्र आलं. बाई आली, थर्मामीटर काढला. खोलीत तेरा डिग्री. पोर घेऊन गेली."

"घेऊन गेली म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे घेऊन गेली. इथे कायदा आहे. गारठ्यात पोर ठेवलं की सरकार नेतं. तीन महिने ठेवलं."

"परत दिलं ना पण?" पत्नीने कन्येस छातीशी घेतले होते.

"दिलं. पण आईला बघून रडायला लागलं म्हणे. ओळखेचना."

आमच्या खोलीत त्या क्षणी अकरा डिग्री होते. हे मला ठाऊक होते, कारण कन्या जन्मल्यापासून मी थर्मामीटर पाहिल्याशिवाय एक दिवस काढला नव्हता.

पुढील दोन दिवसांत आम्ही जे केले, ते आमच्यासारखी माणसेच करू जाणोत. आमच्याकडे मुलगी पाहावयास पाहुणे येणार असले, किंवा मुलाचे घर पाहावयास मुलीकडचे येणार असले, म्हणजे आळीतून खुर्च्या आणतात, कपबशा आणतात, कोणाचे कपाट तर कोणाचा पंखा आणतात. घर चारचौघांत शोभेलसे करून दाखवितात. यात कोणी खोटेपणा मानीत नाही. भीतीने माझी मती कुंठित झाली होती. अशा समयी मनुष्याला जे लहानपणापासून पाहिले तेच सुचते. मी दादांकडून गालिचा मागितला. त्यांनी गालिचा दिला, शिवाय टीव्ही, भिंतीवरचे घड्याळ, नातीचा लाकडी पाळणा आणि त्यांचा स्वतःचा हीटर दिला. त्यांच्या पत्नीने फळांची परडी भरून दिली आणि बजावले, "सफरचंदं खाऊ नका हं, मोजून दिलीयेत."

बुधवारी सायंकाळी मी खिडकीतील कागद काढीत होतो आणि पत्नी गोधड्या पलंगाखाली कोंबीत होती.

"तुमच्या घरी मी पहिल्यांदा आले," ती म्हणाली, "तेव्हा ती काचेची शोकेस होती ना, आत बाहुल्या ठेवलेली?"

"होती."

"लग्नानंतर आठव्या दिवशी शेजारचे काका येऊन उचलून घेऊन गेले."

"ती त्यांचीच होती."

"ते कळलंच मला. मी सासूबाईंना विचारलं, शोकेस कुठे गेली? तर म्हणाल्या, पॉलिशला दिलीय. अजून पॉलिश चाललंय." ती हसली, पण हसणे मध्येच थांबले. "अहो, हे त्यांना कळलं तर काय करतील ओ?"

"कळणार नाही," मी म्हणालो. माझा स्वर मलाच परका वाटला.

त्या महिन्याच्या उबेपैकी मजुरीचे नऊ तास, म्हणजे हीटरचे अठरा, उरले होते, आणि पगारास बारा दिवस अवकाश होता. ते नऊच्या नऊ तास मी कार्डात भरले. भिंतीची ओल सुकावी म्हणून एक हीटर बुधवारी आठ वाजता लावला. सकाळी सात वाजता दुसराही लावला. हिशेबाने साडेदहापर्यंत पुरणार होते. गुरुवारची सुटी मी आठवड्याच्या रजेशी बदलून घेतली होती. दहा वाजता बाई येतील, पंधरा मिनिटे बसतील आणि जातील, असे मी धरून चाललो होतो.

बाई दहा वाजून दहा मिनिटांनी आल्या. त्या परिचारिका होत्या. अंगाने भारदस्त, हातात एक पिशवी आणि बगलेत तान्ह्या मुलांचा वजनकाटा. आत येताच त्यांनी कोट काढला, मग लोकरी जाकीटही काढले. त्यांनी टेबलावर थर्मामीटर ठेवला. आकडा चढत गेला आणि सव्वीसवर थांबला.

"खूप उबदार," त्या म्हणाल्या.

"होय. नेहमी," मी म्हणालो.

"रोज किती वेळ हीटर चालवता?"

"पूर्ण दिवस."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि लिहिले. कन्या पाळण्यात निजली होती. तिला पाळण्याची सवय नव्हती व उबेचीही नव्हती. ती लालबुंद होऊन जागी झाली आणि रडू लागली. बाईंनी तिला उचलून अंगावरचे कपडे सोडले, पाठ पाहिली, मान पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मी पत्नीकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिने तेथेच सर्व सांगून टाकले असते.

"घामोळं," बाई म्हणाल्या. "एवढ्या उष्णतेची गरज नाही. पैसेही फार जातात."

"पैसे आहेत," मी म्हणालो.

"भाडं जड जातं का?"

"नाही."

"खाण्यात काटकसर करावी लागते का? दूध, औषध?"

"काही नाही. सर्व चांगलं."

प्रत्येक प्रश्नास मी छाती पुढे काढून उत्तर देत होतो, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्या एक खूण करीत होत्या. त्यांनी पगार विचारला. मी तीनशे तासांचा आकडा सांगितला. एवढ्यात दाराशेजारच्या मीटरने टिक् असा आवाज केला, थोड्या वेळाने पुन्हा केला. पैसे संपत आले म्हणजे तो शेवटची पंधरा मिनिटे असा वाजत राही. बाईंनी मान वळविली.

"घड्याळ," मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणालो. "जुनं. वडिलांचं."

त्यांनी कन्येचे वजन केले. ते कमी भरले, परंतु फार कमी नव्हे. मीटर वाजत होता. मी मनात मिनिटे मोजीत होतो आणि त्यांच्या लेखणीकडे पाहत होतो. ती इतक्या संथपणे चालत होती, की ती हातातून ओढून घ्यावी असा अविचार मनात आला. अखेर त्यांनी कागद माझ्यापुढे केला. मी सही केली. एक प्रत त्यांनी मला दिली, कन्येच्या गालाला बोट लावले, जाकीट व कोट चढविला आणि जिना उतरून गेल्या. त्यांची पावले पहिल्या मजल्यावर पोहोचली असतील, तोच दोन्ही हीटर विझले.

आम्ही जिंकलो असे मला वाटले. पत्नी पलंगावर बसून रडली आणि मी तिला रडू दिले. दुपारी दादा आपला टीव्ही न्यावयास आले तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पास झालात, शेठ. एक सफरचंद कमी आहे, ते मी बायकोला सांगत नाही."

शुक्रवारी मी शिफ्ट संपवून आलो तेव्हा पत्नी अंगावर कोट तसाच ठेवून पलंगावर बसली होती. मांडीवर कन्या, समोर ते पत्र आणि फॉर्मची प्रत. वर्गातील शिक्षिकेने दोन्ही कागद तिला ओळीओळीने समजावून दिले होते, आणि प्रत्येक अवघड शब्दावर तिने पेन्सिलीने आपल्या भाषेत अर्थ लिहून घेतला होता.

"बसा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ती बाई बाळाला न्यायला आली नव्हती. दवाखान्यानं नाव कळवलं होतं आपलं, वजन कमी म्हणून. ज्यांची कमाई कमी आहे आणि घरात तान्हं आहे, त्यांना हिवाळ्यात हीटरचे पैसे सरकार भरतं. ते द्यायचे का नाही, हे बघायला आली होती." तिने फॉर्मवर बोट ठेवले. "हे बघा. भाडं जड जातं का, नाही. काटकसर, नाही. इथं खाली लिहिलंय, मदतीची आवश्यकता नाही. आणि ही तुमची सही."

मी कागद हातात घेतला. माझी सही मोठी व वळणदार होती.

पगारास दहा दिवस होते. कार्ड रिकामे होते. दुकानदार उधारीवर कार्ड भरीत नसे. दादांना विचारता आले असते, परंतु त्यांचाही हप्ता त्याच आठवड्यात जावयाचा होता, हे मला ठाऊक होते. शनिवारी खोलीत दहा डिग्री होते. पत्नी कन्येला स्वतःच्या कपड्यांच्या आत घेऊन दिवसभर पलंगावर पडून राहिली. रविवारी कन्या खोकू लागली. तो खोकला लहान व कोरडा होता. प्रत्येक वेळी तो आला की आम्ही दोघे बोलणे थांबवीत असू आणि पुढचा येतो का हे ऐकत असू.

"जाऊन सांगा त्या बाईंना," पत्नी म्हणाली.

दादा दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर उभे होते. "काय सांगणार? की खोटं लिहून दिलं? वहिनी, पगाराचा आकडा खोटा, त्याखाली सही. सरकारी कागदावर. उद्या म्हणतील, उचला चंबूगबाळं आणि चालू पडा. आणि खोली दहावर आहे हे ह्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तर मग पोर नेतील की नाही, सांगा."

"भाऊजी, तुमचा तो वेल्डर. त्याची गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकलीत?"

दादांनी जिन्याकडे पाहिले. नंतर म्हणाले, "सगळेच सांगायचे."

"माझी मुलगी खोकतेय," पत्नी म्हणाली. ती हे आमच्यापैकी कोणाला उद्देशून म्हणाली नाही.

सोमवारी लाँड्रीत मी चादरी इस्त्रीच्या रुळांत घालीत होतो. हॉटेलांच्या चादरी असत. त्या पलीकडून इतक्या तप्त बाहेर पडत की घडी करणारी बाई हातमोजे घाली. आठ तास मी त्या उष्म्यात उभा होतो. सदरा पाठीला चिकटला होता आणि कानांत तो खोकला होता. एक वाजता शिफ्ट संपली. मी मागच्या महिन्याच्या पगाराची चिठ्ठी खिशात घातली आणि फॉर्मवर पत्ता होता त्या कार्यालयात गेलो. बाहेर थंडीत सदरा पाठीवर बर्फासारखा झाला.

त्या बाई काचेपलीकडे बसल्या होत्या. मार्गात मी पाच वाक्ये तयार केली होती. त्यांतील एकही आठवले नाही. मी चिठ्ठी पुढे सरकविली आणि त्यांच्या भाषेत जे तोंडाला आले ते बोललो.

"गुरुवारचं घर माझं नाही. गालिचा दुसऱ्याचा. हीटर दुसऱ्याचा. पगार हा. खोलीत दहा डिग्री. बाळ खोकतं."

बाईंनी चिठ्ठी वाचली. मग माझ्याकडे पाहिले. त्यांच्या मुद्रेवरून मला काहीही वाचता आले नाही, आणि त्याचीच मला सर्वाधिक भीती वाटली. त्यांनी टेलिफोन उचलला, पाठ फिरवून कोणाशी तरी बोलल्या. मला एकच शब्द कळला: बालक.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "मी येते."

घरी जाताना मी धावलो, मग थांबलो, मग पुन्हा धावलो. एकदा असेही मनात आले की पोहोचताच दोघींना घेऊन निघून जावे. परंतु कोठे, याला उत्तर नव्हते. बसचा पास सोडल्यास माझ्याजवळ काही नव्हते.

बाई अर्ध्या तासात आल्या. या वेळी त्यांनी कोट काढला नाही. खिडकीतील वर्तमानपत्रे, ओली भिंत, ओट्यावर उलटी घातलेली दोन भांडी, सर्व त्यांनी उभ्याने पाहिले. मग त्यांनी पत्नीपुढे दोन्ही हात केले.

पत्नीने कन्येला दिले नाही. ती भिंतीला टेकली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिला भाषा माझ्याहून अधिक वाचता येत होती, तरी त्या क्षणी निर्णय तिने माझ्यावर सोडला. मी तिच्यासाठी आजवर घेतलेला प्रत्येक निर्णय त्या एका खोलीत जमा झालेला मला दिसला.

"दे," मी म्हणालो.

बाईंनी कन्येची छाती नळी लावून ऐकली. बराच वेळ ऐकली. मग त्या सावकाश, सोपे शब्द निवडून बोलू लागल्या. छातीत अद्याप काही नाही. मदत मिळेल. मात्र जुना फॉर्म रद्द करून नवा चालवावा लागेल, त्यास तीन आठवडे लागतील. तोपर्यंत अशा खोलीत बालकास ठेवण्याची परवानगी त्या देऊ शकत नाहीत. शहरात माता व बालकांसाठी एक घर आहे, तेथे ऊब आहे, दूध आहे, पैसे पडत नाहीत. आज जागा आहे.

"आणि मी?" मी विचारले.

"पुरुषांना आत राहता येत नाही. भेटीची वेळ पाच ते सहा."

"तीन आठवडे. नक्की?"

"मी तसं लिहिलं आहे."

"गुरुवारीच खरं सांगितलं असतं तर?"

त्यांनी नळी पिशवीत ठेवली. "तर तुमचं कार्ड परवाच भरलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वर रागाचा नव्हता.

पत्नीने सामान भरण्यास दहा मिनिटे घेतली. मी पिशवी घेऊन खाली गेलो. बाईंच्या मोटारीत मागील आसनावर लहान मुलांसाठी खुर्ची बसवलेली होती. कन्येला तीत बांधले तेव्हा ती रडली नाही. तिने पट्ट्याशी खेळावयास आरंभ केला. दादा जिन्याच्या दाराशी येऊन उभे राहिले, पण पुढे आले नाहीत.

पत्नीने काच खाली केली.

"अहो, लंगोट दोरीवर आहेत. आठ आहेत. ओले असतील, दोन दिवस झाले वाळत नाहीयेत. पाचला याल तेव्हा घेऊन या."

"आणतो."

"नक्की या. उशीर करू नका. मला तिथं कुणी ओळखत नाही."

मोटार वळणापर्यंत दिसत होती. मग मी वर गेलो. लंगोट खरोखरच ओले होते. खोलीत वाळण्याची आशा नव्हती आणि कार्डात काही नव्हते. मी कोट व सदरा उघडला, आठही लंगोट एकेक करून छातीवर व पोटावर पसरले, आणि वरून सर्व गुंड्या लावल्या. त्यांच्या गारव्याने श्वास अडकला. त्या घराचा पत्ता बाईंनी एका कागदावर लिहून दिला होता. तो मी अक्षरे लावून वाचला, पुन्हा वाचला, एखादे अक्षर चुकत तर नाही ना याची खात्री करीत राहिलो. चार वाजले होते. दारावरील मनुष्याने काही विचारले तर काय सांगावयाचे, याचा मी विचार करू लागलो, आणि ठरविले की जे विचारील त्याचे खरे उत्तर द्यावयाचे. साडेचारला मी निघालो. लंगोट अंगाशी कोमट होऊ लागले होते.